डाव्या पायाची सोय

वाहन चालविण्याच्या परवान्याचे नूतनीकरण करायचे असले की चाळिशी ओलांडलेल्या अर्जदाराला ‘नमुना १-अ’ नावाचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडावे लागते. दिवसाउजेडी पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, तांबडा आणि हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा किंवा बहिरेपणा आहे का, गाडी चालविण्याच्या आड येईल असे एखाद्या अवयवाचे व्यंग आहे का, असे मोजके प्रश्न त्यात असतात. भाईंदरमधील माझ्या दवाखान्यात असे कागद मी किती भरून दिले याची मोजदाद नाही. पाच मिनिटांचे काम असते. रुग्ण ओळखीचा असला तर तीनच मिनिटांचे.

गेल्या वर्षी तो कागद माझ्या वडिलांनी माझ्यापुढे ठेवला. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांनीच वाढवून मिळतो. अण्णांची मुदत एक्याऐंशीव्या वर्षी संपत होती. स्वतःच्या वडिलांच्या अर्जावर सही करायची नाही, एवढे माझे ठरलेले होते. ते काम शेजारच्या डॉक्टर मित्राने केले असते. पण अण्णांना माझ्याकडून सही नकोच होती. त्यांना हवी होती क्लच नसलेली फियाट.

ती फियाट म्हणजे १९८५ सालची प्रीमियर पद्मिनी. कंपनीने सत्तरच्या दशकात ‘पद्मिनी’ हे नाव दिले, तरी आमच्या घरात ती आजतागायत फियाटच आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली ते साल १९४४. अण्णांच्या जन्माचेही तेच. हा योगायोग ते पाहुण्यांना हटकून सांगतात. कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाडीचे उत्पादन २००१ मध्ये थांबले आणि ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. ती बातमी वाचून अण्णांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले आणि म्हणाले, “आता आपलीच सांभाळायला हवी.” सोसायटीच्या आवारात ताडपत्रीखाली तीन वर्षे झोपलेली गाडी पुढच्याच आठवड्यात काशिमिऱ्याच्या एका जुन्या मिस्त्रींच्या गॅरेजात गेली. पत्रा, रंग, ब्रेक, वायरिंग, आसने असे एकेक काम निघत गेले आणि अखेर प्रश्न क्लचपाशी येऊन थांबला.

अण्णांच्या डाव्या गुडघ्याला झीज आहे. हा गुडघा चालताना जेवढा त्रास देतो, त्याहून अधिक क्लच दाबताना देतो, आणि त्याला कारण आहे. क्लच दाबताना गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत जोर घेतो. त्या वेळी गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. एकदा दाबून सोडला तर सुसह्य असते. पण वाहतूक मुंगीच्या पावलांनी सरकत असली की पाय धड खाली नाही, धड वर नाही अशा अवस्थेत धरून ठेवावा लागतो. हाफ क्लच म्हणतात तो हाच, आणि झिजलेल्या गुडघ्याला याहून वाईट व्यायाम मला सुचवता येणार नाही. एका संध्याकाळी गोल्डन नेस्ट चौकापासून काशिमिऱ्यापर्यंत मी माझ्या गाडीत क्लच किती वेळा दाबला ते मोजले. त्र्याहत्तर वेळा. माझा स्वतःचा गुडघाही छप्पन्न वर्षांचा आहे, हे मला त्या रात्री जाणवले.

क्लचविना वाहन ही गोष्ट आपल्या पिढ्यांना नवखी नाही. १९७२ मध्ये आलेली लुना आठवा. तिला क्लचचा दांडा नव्हता. इंजिनाचा वेग वाढला की आतले तुकडे गरगरण्याच्या जोराने बाहेर फेकले जात, भोवतीच्या पिंपाला घट्ट धरत आणि चाक फिरू लागे. वेग उतरला की पकड आपोआप सुटे. आमच्या आईने आयुष्यात चालवलेले एकमेव वाहन तेच. पुढे १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बजाजच्या स्कूटरवर डाव्या मनगटाने गिअर बदलून थकलेल्या कित्येक मध्यमवर्गीयांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मोटारींतही हे प्रयोग जुने आहेत. सिट्रोएनची डीएस १९५५ मध्ये आली तेव्हा तिला क्लचचे पेडलच नव्हते. ते काम तेलाच्या दाबावर चाले. साठच्या दशकाच्या अखेरीस फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये गिअरच्या दांड्याला हात लागताच क्लच सुटण्याची सोय आली. आपल्याकडे २०२० मध्ये ह्युंदाईने व्हेन्यूत आणलेली क्लचविरहित गिअरची पद्धत त्याच कल्पनेची इलेक्ट्रॉनिक धाकटी बहीण आहे.

मिस्त्रींनी माझ्यापुढे तीन वाटा मांडल्या. पहिली, दुसऱ्या गाडीचा संपूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवणे. त्यात केवळ ॲक्सिलरेटर आणि ब्रेक उरतात, त्यामुळे मला ती सर्वांत आवडली होती. मिस्त्रींनी मान हलवली. “डॉक्टरसाहेब, अकराशे सीसीचे इंजिन आहे, जेमतेम चाळीस घोड्यांचे. त्यातले घोडे हा गिअरबॉक्सच खाऊन टाकील. आणि बसवणार कुठे?” पद्मिनीचे इंजिन पुढे, पण ताकद जाते मागच्या चाकांना, गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे, जमिनीखालच्या बोगद्यात लांबोडका बसलेला असतो. आजच्या लहान गाड्यांचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स पुढची चाके फिरवणारे आणि आडवे असतात. ते तिथे मावतच नाहीत. एखाद्या मोठ्या जीपवजा गाडीचा आणायचा तर पद्मिनीचा तळ कापावा लागतो.

दुसरी वाट एएमटीची. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने ती आपल्याकडे स्वस्त गाड्यांत आणली. गिअरबॉक्स नेहमीचाच, पण क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम संगणक करतो. मात्र त्या संगणकाला इंजिनाची सगळी खबर हवी असते आणि ॲक्सिलरेटरही त्याच्या ताब्यात असावा लागतो. पद्मिनीचा कार्ब्युरेटर असा कुणाला खबर देणारा नव्हे.

तिसरी वाट म्हणजे नुसता स्वयंचलित क्लच. गिअर पूर्वीसारखा हातानेच टाकायचा. फक्त दांड्याच्या मुठीवरील कळ दाबली की एक यंत्र पायाऐवजी क्लच ओढते आणि कळ सोडली की इंजिनाचा वेग पाहून हळूहळू सोडते. पायाने अधू असलेल्या चालकांसाठी असे संच आपल्याकडे बसवले जातात. तळ कापावा लागत नाही, मूळचे पेडल जागेवर राहते, उद्या काढून टाकले तर गाडी पुन्हा होती तशी होते. अण्णांना हा शेवटचा मुद्दा फार पटला. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली खासगी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. फियाटची पन्नाशी २०३५ मध्ये. “तेव्हा मी एक्क्याण्णव,” अण्णा म्हणाले, “दोघांनाही एकदमच प्रमाणपत्र मिळेल.”

कागदोपत्री बाजू थोडक्यात सांगतो, कारण ती अनेक कुटुंबे विसरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असे बदल मालकाला परस्पर करता येत नाहीत. अपंग व्यक्तीसाठी गाडी अनुकूल करून घेण्याची मुभा कायद्यात आहे, पण आरटीओची परवानगी, मान्यताप्राप्त संच, नोंदणीपुस्तकात नोंद आणि विमा कंपनीला सूचना हे सारे करावे लागते. नाही तर अपघाताच्या दिवशी विम्याचा कागद नुसता कागद उरतो.

मी तिसरी वाट पक्की केली, आगाऊ रक्कम देऊन आलो आणि घरी येऊन स्वतःवर खूश होऊन ती यंत्रणा आईला समजावू लागलो. सांगता सांगता तिच्या तोट्यांपर्यंत आलो. चालकाचा हात सवयीने दांड्यावर विसावला आणि कळ दाबली गेली, तर क्लच अर्धवट सुटतो आणि घासत राहतो. कंप असलेल्या हाताला तर ही कळ मुळीच सोसत नाही. पार्किन्सनच्या रुग्णाला मी ती कधीही सुचवणार नाही. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायचा नाही, हे भान चालकालाच ठेवावे लागते. विसराळूपणा सुरू झालेल्या माणसाला ते जड जाते. उड्डाणपुलाच्या चढावर गाडी मागे घरंगळण्याची भीती असते. आणखी एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. क्लचच्या गाडीत घाबरलेला माणूस दोन्ही पाय खाली दाबतो. त्यात उजवा पाय चुकून ॲक्सिलरेटरवर पडला, तरी डाव्याने इंजिन आणि चाके यांची फारकत केलेली असते. क्लच काढून घेतला की ही नकळत मिळणारी राखणही जाते. मग सगळी भिस्त उजव्या पायावर.

आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “उजव्या पायाचं तू बघितलंस का पण? त्यांची चप्पल निसटते पायातून. चार पावलं पुढे जातात तरी त्यांना कळत नाही. मी उचलून आणते मागून.”

“कधीपासून?”

“तुला मागे दोनदा सांगितलं. तू म्हणालास, सैल झाली असेल, नवी घ्या.”

तिने सांगितले होते, आणि मी तसेच म्हणालो होतो. अण्णांना मधुमेह होऊन बावीस वर्षे झाली आहेत. पायातली चप्पल निसटल्याचे न कळणे हे मज्जातंतूंच्या ऱ्हासाचे किती जुने, पुस्तकी लक्षण आहे, हे मला नव्याने शिकायचे नव्हते. दुसऱ्या कुणाची पत्नी असे सांगत माझ्यासमोर बसली असती, तर मी त्याच क्षणी रुग्णाला मोजे काढायला लावले असते. आपल्या माणसाला आपण तपासत नाही, त्याच्याशी गप्पा मारतो. महिन्याला साखर पाहत होतो, गोळ्या बदलत होतो, गुडघ्यासाठी क्ष-किरण काढले होते. तळपाय मात्र पाहिले नव्हते.

रविवारी दुपारी अण्णांना दिवाणावर आडवे केले. नायलॉनचा एक बारीक तंतू असतो. तो त्वचेवर टेकवून वाकेपर्यंत दाबला की दहा ग्रॅमचा भार पडतो. डोळे मिटायचे आणि स्पर्श झाला की ‘हो’ म्हणायचे, इतकी साधी ती चाचणी. डाव्या तळव्यावर काही ‘हो’ आले, काही आले नाहीत. उजव्या अंगठ्याखाली तंतू वाकवला. अण्णा शांत. चवड्यावर ठेवला. शांत. टाचेजवळ एकदा ‘हो’ म्हणाले. मग मी हात मागे घेऊन स्वस्थ बसलो. थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, “अजून सुरू नाही केलंस?”

कंपनकाटा अंगठ्याच्या हाडावर ठेवला, तर त्याची थरथरही त्यांना जाणवली नाही. पुढे तज्ज्ञाकडे तपासण्या झाल्या, औषधांत फेरफार झाले, रोज रात्री तळपाय आरशात पाहण्याचा नियम घातला. ते सारे मधुमेहाच्या कोणत्याही लेखात वाचायला मिळेल. गाडीच्या संदर्भातले तेवढे इथे सांगतो. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर यांत एका वितीचेही अंतर नसते. पाय कुठल्या पेडलवर आहे आणि किती दाबला गेला आहे, हे आपण डोळ्यांनी पाहत नाही. ते तळव्याला आणि घोट्याला कळते. ज्या तळव्याला निसटलेली चप्पल कळत नाही, त्याला पेडल कळेलच असे धरून चालता येत नाही. आणि नमुना १-अ मध्ये तळपायाला स्पर्श कळतो का, हा प्रश्न कुठेच नाही. माझ्या मित्राने तो प्रामाणिकपणे भरून दिला असता.

एप्रिल २०१९ मध्ये टोकियोच्या इकेबुकुरो भागात ८७ वर्षांच्या एका चालकाची गाडी वेगाने चौकात घुसली. एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी त्यात गेली. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेल्याचे न्यायालयात सिद्ध झाले. चालक मुळात भला गृहस्थ, उच्चपदावरून निवृत्त झालेला होता. त्यानंतर तिथे अनेक वृद्धांनी आपणहून परवाने परत केले. तिथे पंचाहत्तरीनंतर परवाना वाढवताना स्मरण आणि आकलन यांचीही चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे हे काम घरच्या माणसांवर पडते, आणि ती माणसे एकतर डोळेझाक करतात किंवा एके दिवशी किल्ली लपवतात. किल्ली लपवणाऱ्या मुलांची बाजू मला समजते. पण लपवलेली किल्ली म्हातारा माणूस शोधत राहतो, आणि ती सापडत नाही म्हणून स्वतःच्याच स्मृतीवर शंका घेऊ लागतो. माझ्या रुग्णांत मी हे पाहिले आहे. ते क्रूर आहे.

म्हणून मी अण्णांना सगळे सांगितले. तंतू दाखवला, तो माझ्या तळव्यावर टेकवून मला कसा कळतो तेही दाखवले. त्यांनी तो हातात घेऊन आपल्या तळहातावर दाबून पाहिला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे डाव्या पायाची सोय केलीस आणि उजवा काढून घेतलास.”

मी हाताने चालणाऱ्या ब्रेक-ॲक्सिलरेटरचाही विचार केला होता. तेही संच मिळतात, आणि पोलिओने पाय गेलेली कितीतरी माणसे त्यांवर उत्तम गाडी चालवतात. चाळिशीच्या रुग्णाला मी तेच सुचवले असते. पण चाळीस वर्षे पायांत मुरलेली सवय एक्याऐंशीव्या वर्षी हातांत आणायची, तीही घोडबंदर रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत? संकटाच्या क्षणी माणूस जुन्या सवयीकडेच धावतो. अण्णांनी ते माझ्याआधी ओळखले. “सर्कस नको,” एवढेच म्हणाले. नूतनीकरणाचा अर्ज त्यांनी फाडला नाही. घडी करून गाडीच्या जुन्या कागदांच्या पिशवीत ठेवला. पुढचे पंधरा दिवस ते गॅरेजात गेले नाहीत. जेवण कमी झाले. संध्याकाळी मित्रांच्या कट्ट्यावरही जाईनात. परवाना संपण्याने माणसाचे नुसते वाहन जात नाही, हे लिहिणे सोपे आहे. रोज समोर बसून पाहणे निराळे.

मिस्त्रींचा फोन आला, संच आला आहे, बसवू की परत पाठवू? मी परत पाठवा म्हणणार होतो. अण्णा आतल्या खोलीतून बाहेर आले. “बसवायला सांग. तुझा गुडघा काय नवा आहे? जिना उतरताना तू कठडा धरतोस, मी बघतो.”

मग परवानगीचे कागद नव्याने करावे लागले. अनुकूल केलेल्या वाहनाची मुभा अपंग चालकासाठी आहे, छप्पन्न वर्षांच्या कुरकुरत्या गुडघ्यासाठी नाही. त्यामुळे सर्वसाधारण बदल म्हणून अर्ज, संचाच्या मान्यतेचे पत्र, तपासणी, हेलपाटे. अडीच महिने गेले. तेवढ्या काळात अण्णा पुन्हा गॅरेजात जाऊ लागले होते आणि मिस्त्रींच्या पोरांना कार्ब्युरेटर कसा बसवू नये ते सांगत होते.

आता दर रविवारी सकाळी सहाला, रस्ते जागे होण्याआधी, आम्ही भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे जातो. दोन्हीकडे मिठागरे, मग झाडी, मग कोळीवाड्याचा वास. मी चालवतो, पुढच्या सलग आसनावर माझ्या शेजारी अण्णा. सुरुवातीचे काही आठवडे माझा डावा पाय नसत्या क्लचचा शोध घेत खाली जाई. आता तो निवांत असतो. माझा हात मात्र अजून दांड्यावर विसावतो. इंजिनाचा आवाज किंचित बदलतो आणि मला कळायच्या आत अण्णा म्हणतात, “हात काढ. क्लच जाळशील.” चढ आला की, “थांब. अजून थांब. हां, आता तिसरा.” कानांना त्यांच्या काही झालेले नाही.

उत्तनला समुद्र दिसतो तिथे गाडी थांबते. दार उघडले की अण्णा लगेच उतरत नाहीत. आधी खाली वाकून पाहतात, उजवी चप्पल पायात आहे का, मग डावी. आई मागच्या आसनावरून डोकावून तेच पाहत असते.